मूल होत नाही? पहिली पायरी फॅमिली डॉक्टरची

ती दवाखान्यात आली तेव्हा तिच्या हातात साडीच्या दुकानाची एक मोठी पिशवी होती. पिशवीत सहा वर्षांचे कागद होते. सोनोग्राफीचे सात रिपोर्ट, थायरॉईडचे चार, गर्भनलिकांचा एक एक्स-रे, दोनदा झालेल्या क्युरेटिंगची डिस्चार्ज कार्डे आणि औषधांच्या चिठ्ठ्यांची जाडजूड चवड. डॉक्टरबाईंनी सगळे कागद तारखेप्रमाणे टेबलावर मांडले, एकदा वरपासून खालपर्यंत पाहिले आणि विचारले, "आणि मिस्टरांचे कागद?"

"त्यांचे कशाला? ते अगदी ठणठणीत आहेत," ती म्हणाली.

ठाणे जिल्ह्यातल्या एका गजबजलेल्या वस्तीत या बाईंचा दवाखाना आहे. ताप, खोकला, मधुमेह, रक्तदाब, लहान मुलांच्या लसी असा नेहमीचा संसार. त्या स्त्रीरोगतज्ज्ञ नाहीत, साध्या जनरल प्रॅक्टिशनर आहेत. तरीही महिन्यातून चार-पाच जोडपी त्यांच्याकडे याच एका प्रश्नासाठी येतात. या सदरासाठी मी त्यांच्या दवाखान्यात तीन संध्याकाळी बसले. कोणाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील इथे बदलले आहेत.

6 ऑगस्ट 1986 रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बेबीचा जन्म झाला, तेव्हा वर्तमानपत्रांनी ती बातमी पहिल्या पानावर घेतली होती. आज लहानमोठ्या शहरांतही अशा केंद्रांचे फलक दिसतात. त्याचा एक परिणाम असा की लग्नाला वर्ष झाले न झाले तोच काही जोडपी थेट तिथे जाऊन बसतात. आणि दुसऱ्या टोकाला ही पिशवीवाली: सहा वर्षे इकडून तिकडे फिरली, पण सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात सोपी तपासणी कुणी करायलाच सांगितली नाही. या दोन्ही टोकांच्या मध्ये जो माणूस उभा असायला हवा, तो म्हणजे आपला फॅमिली डॉक्टर.

बारा महिने कसे मोजायचे

जागतिक आरोग्य संघटनेने 2023 साली सांगितले की जगात साधारण सहा प्रौढांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाचा अनुभव येतो. म्हणजे प्रत्येक चाळीत, प्रत्येक सोसायटीत हा प्रश्न आहे. पण वंध्यत्व म्हणायचे केव्हा? कोणतेही साधन न वापरता, नियमित संबंध ठेवूनही बारा महिन्यांत दिवस राहिले नाहीत तर. स्त्रीचे वय 35 च्या पुढे असेल तर सहाच महिने थांबावे आणि चाळिशी गाठली असेल तर थांबूच नये.

डॉक्टरबाई या बारा महिन्यांवर फार काटेकोर आहेत. मी बसले होते त्या पहिल्याच संध्याकाळी एक तरुणी सासूबाईंबरोबर आली. लग्नाला दोन वर्षे झालेली. सासूबाई पदर सावरत म्हणाल्या, "दोन वर्षं झाली डॉक्टर, घरात पाळणा नाही." बाईंनी सासूबाईंना चहा सांगितला आणि बाहेरच्या बाकावर बसवले. मग मुलीशी बोलता बोलता उलगडा झाला. नवरा मालवाहू ट्रक चालवतो, महिन्यातले वीस-बावीस दिवस बाहेर. घरी येतो तेव्हा कधी तिची पाळी चालू, कधी ती माहेरी. पहिले आठ महिने तर गोळ्या चालू होत्या, हे सासूबाईंना माहीतच नव्हते. बाईंनी कागदावर बेरीज केली. दोन वर्षांतले खरे महिने निघाले जेमतेम पाच!

"अगं, तुला काही झालेलं नाही," बाई म्हणाल्या. "त्याच्या फेऱ्यांचं वेळापत्रक आणि तुझ्या पाळीचं वेळापत्रक एकदा शेजारी ठेवून बघा."

नियमित संबंध असणाऱ्या शंभर जोडप्यांपैकी ऐंशीपेक्षा जास्त जोडप्यांना पहिल्या वर्षातच दिवस राहतात. उरलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना दुसऱ्या वर्षात. हे आकडे पाहिले की लग्नानंतर सहाव्या महिन्यात 'अजून काही नाही का?' म्हणून विचारणाऱ्या नातेवाइकांना काय उत्तर द्यायचे ते कळते. पण तरुण मुलींना धीर देणारा हाच आकडा 37-38 वर्षांच्या स्त्रीला सांगून घरी पाठवणे मात्र चूक. पस्तिशीनंतर स्त्रीबीजांची संख्या आणि प्रत दोन्ही घसरत जातात. तिथे 'थांबा, होईल' हा सल्ला महाग पडतो.

काही जणींनी तर एक वर्षही थांबू नये. पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने येत नसेल, पूर्वी कधी क्षयरोग झाला असेल, पोटाचे मोठे ऑपरेशन किंवा गर्भपातानंतर ताप येऊन गेला असेल, पाळीच्या वेळी अंथरुणाला खिळावे इतके दुखत असेल, किंवा नवऱ्याला लहानपणी अंडकोशाचा काही त्रास झाला असेल, तर पहिल्याच महिन्यात डॉक्टरांना सांगावे. पाळीत दुखणे हे बाईच्या जातीला लागलेलेच, असे आपल्याकडे इतके ठासून सांगितले जाते की एंडोमेट्रिओसिससारखा आजार वर्षानुवर्षे कुणाच्या लक्षातही येत नाही.

विचारायला अवघड प्रश्न

एक गोष्ट डॉक्टरबाई प्रत्येक जोडप्याला विचारतात आणि ती विचारण्यासाठी त्यांनी रविवारची सकाळ राखून ठेवली आहे. एरवी पडद्यापलीकडे दहा माणसे खोकत बसलेली असतात, तिथे असले बोलणे शक्य नसते. प्रश्न असा: संबंध नीट होतात का?

आपल्याला वाटेल, लग्न झालेल्या माणसांना हे काय विचारायचे! पण लग्नाला तीन-चार वर्षे होऊनही संबंध पूर्णपणे झालेलेच नाहीत अशी जोडपी त्यांनी पाहिली आहेत. कुणाला भीती, कुणाला असह्य वेदना, कुणाला पुरुषाच्या बाजूची अडचण. एकाच खोलीत सासू-सासरे आणि दीर झोपत असतील तर तीही अडचणच. अशा मुलीच्या हाती हार्मोनच्या गोळ्या देऊन काय होणार? तिला आधी कुणीतरी शांतपणे ऐकून घेणारे हवे असते.

दुसरी समजूत म्हणजे 'चौदावा दिवस'. मासिकांतून (आमच्याही!) हा चौदावा दिवस इतक्यांदा छापून आला आहे की काही जोडपी महिन्यातला तो एकच दिवस पकडून बसतात. स्त्रीबीज बाहेर पडते ते पुढची पाळी येण्याच्या साधारण चौदा दिवस आधी. पाळी 28 दिवसांची असेल तर तो चौदावा दिवस होतो, 35 दिवसांची असेल तर एकविसावा. बाहेर पडलेले बीज एक दिवसच टिकते, पण शुक्रजंतू स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. 1995 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले की गर्भ राहण्याची शक्यता असते ती बीज बाहेर पडण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच दिवस, अशा सहा दिवसांत. म्हणून तारीख मोजत बसण्यापेक्षा दर दोन-तीन दिवसांनी संबंध ठेवले की पुरते. तारखेच्या धाकाने नवरा-बायकोतला ओलावा आटतो, हा डॉक्टरबाईंचा अनुभव.

आधी बाटली, मग सुई

आता पुन्हा त्या 'ठणठणीत' मिस्टरांकडे येऊ. मूल न होण्याच्या जवळपास निम्म्या जोडप्यांमध्ये पुरुषाकडचे कारण असते. कधी ते एकटेच, कधी बायकोच्या कारणाच्या जोडीने. ठणठणीत प्रकृती, भारदस्त मिशा, व्यायामाने कमावलेले दंड यांचा शुक्रजंतूंशी काही संबंध नाही. उलट दंड फुगवायला व्यायामशाळेत टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने घेणाऱ्या तरुणांचे शुक्रजंतू शून्यावर गेलेले आढळतात. बाहेरून हार्मोन मिळाले की मेंदू आतला कारखाना बंद करतो. इंजेक्शने थांबवल्यावर तो पुन्हा सुरू व्हायला कित्येक महिने लागतात.

म्हणून या दवाखान्याचा नियम आहे: बायकोच्या अंगाला सुई लागण्याआधी नवऱ्याची बाटली लॅबमध्ये गेली पाहिजे. तपासणी साधी. आधीचे दोन ते सात दिवस संयम पाळायचा, नमुना लॅबमध्येच द्यायचा किंवा घरून तासाभराच्या आत, बाटली अंगाच्या उबेत धरून पोचवायचा. नेहमीच्या निरोधमध्ये तो गोळा करायचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या पुस्तकाप्रमाणे एका मिलिलिटरमध्ये 1 कोटी 60 लाख शुक्रजंतू आणि त्यांतले 42 टक्के हालचाल करणारे, ही खालची मर्यादा. हे आकडे ज्यांच्या बायकांना वर्षाच्या आत दिवस राहिले अशा पुरुषांवरून काढलेले आहेत. त्याखाली आला म्हणजे बाप होणे अशक्य, असे नाही. शुक्रजंतू तयार व्हायला अडीच महिने लागतात, मधल्या काळात येऊन गेलेला नुसता तापसुद्धा आकडा खाली आणतो. म्हणून रिपोर्ट कमी आला तर तीन महिन्यांनी पुन्हा बघायचे. अगदीच शून्य आला तर मात्र तीन महिने थांबायचे नाही.

हे सांगायला सोपे, करवून घ्यायला कठीण. बाई सांगतात, बायकोला चार वेळा सोनोग्राफीला नेणारा नवरा या एका बाटलीसाठी सहा-सहा महिने टाळाटाळ करतो. काही जण तर डॉक्टर बदलतात. त्यावर त्यांचा उपाय असा की त्या बायकोच्या हातून निरोप पाठवतच नाहीत. नवऱ्याला स्वतः फोन करून बोलावतात, एकट्याला. आधी रक्तदाब मोजतात, तंबाखू-सिगारेटची चौकशी करतात, गालगुंड झाले होते का, लहानपणी हर्नियाचे ऑपरेशन झाले होते का ते विचारतात आणि मग सहज बोलल्यासारखे लॅबची चिठ्ठी पुढे करतात.

पाळीची वही

स्त्रीच्या तपासणीची सुरुवात बाईंकडे मशीनने होत नाही, शंभर पानी वहीने होते. पाळी कधी आली, किती दिवस राहिली, किती दुखले, एवढेच लिहायचे. तीन महिन्यांची वही पाहिली की निम्मे उत्तर मिळते. पाळी 25 ते 35 दिवसांनी नेमाने येत असेल तर बहुधा स्त्रीबीज तयार होत आहे. खात्री करायची तर पुढच्या पाळीच्या सात दिवस आधी रक्तातील प्रोजेस्टेरॉन तपासतात. लॅबमध्ये डोळे मिटून 'एकविसाव्या दिवशी' म्हणून ही चाचणी होते. पण 35 दिवसांची पाळी असेल तर ती अठ्ठाविसाव्या दिवशी करायला हवी. नाहीतर चांगल्या बाईचा रिपोर्ट वाईट येतो आणि तिथून औषधांचा फेरा सुरू होतो.

सोबत थायरॉईड, हिमोग्लोबिन, रक्तातील साखर आणि पाळी अनियमित असेल तर प्रोलॅक्टिन. थॅलेसेमियाची वाहक तपासणीही बाई आवर्जून करायला सांगतात, कारण नवरा-बायको दोघे वाहक निघाले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला तो आजार होण्याची शक्यता चारात एक असते. रुबेलाची लस घेतली नसेल तर ती आताच घ्यायची आणि त्यानंतर एक महिना दिवस राहू द्यायचे नाहीत. फोलिक ॲसिड तर पहिल्या भेटीपासून. ते गर्भ राहिल्यावर सुरू करायचे असा समज आहे, पण बाळाच्या पाठीचा कणा तयार होतो तो पाळी चुकल्याचे नीटसे लक्षातही येत नाही अशा दिवसांत.

पाळी लांबणाऱ्या मुलींमध्ये पीसीओएस फार आढळतो. 1935 साली श्टाइन आणि लेव्हेन्थाल या अमेरिकेतल्या दोन डॉक्टरांनी त्याचे वर्णन केले होते. यात बीजकोशात बीजे असतात, पण ती पिकून वेळेवर बाहेर पडत नाहीत. वजन जास्त असेल तर पाच ते दहा टक्के कमी केल्यानेसुद्धा अनेकींची पाळी मार्गावर येते. 70 किलोच्या मुलीने साडेतीन ते सात किलो उतरवायचे, एवढेच! पण रात्री अकराला जेवणाऱ्या, सगळ्यांचे वाढून झाल्यावर उरलेला भात संपवणाऱ्या सुनेला 'डाएट करा' म्हणून भागत नाही. बाई तिच्या घरची जेवणाची वेळ विचारतात आणि संध्याकाळी सातला सगळ्यांबरोबर जेवायला बसायचे, असे चिठ्ठीवर औषधासारखे लिहून देतात. चिठ्ठीवर लिहिलेले सासूबाई मोडत नाहीत!

वजनाने काम झाले नाही तर बीज पिकवण्याच्या गोळ्या असतात. आधी क्लोमिफेनचाच जमाना होता. मग लेट्रोझोल आले. हे मूळचे स्तनाच्या कर्करोगावरचे औषध. आपल्याकडे 2011 साली वंध्यत्वासाठी ते वापरायला सरकारने बंदी घातली. पुढे 2014 मध्ये अमेरिकेतला 750 स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पीसीओएस असलेल्या ज्यांना लेट्रोझोल दिले त्यांच्यातल्या शंभरातल्या 27 ते 28 जणींना बाळ झाले, क्लोमिफेनवाल्यांत 19 जणींना. 2017 मध्ये आपल्याकडची बंदी उठली आणि आज पीसीओएससाठी हेच पहिल्या पसंतीचे औषध आहे.

मात्र या गोळ्या डोकेदुखीच्या गोळ्यांसारख्या नाहीत. नवऱ्याचा रिपोर्ट पाहिल्याशिवाय त्या सुरू करू नयेत, पहिल्या महिन्यात सोनोग्राफीने किती बीजे पिकतात ते पाहावे आणि सहा महिन्यांत यश आले नाही तर त्याच त्या गोळ्या चालू ठेवू नयेत. जुळे राहण्याची शक्यताही वाढते. पिशवीवालीच्या चवडीत क्लोमिफेनच्या चौदा महिन्यांच्या चिठ्ठ्या होत्या. तिची पाळी मुळात 29 दिवसांनी, घड्याळ लावल्यासारखी येत होती.

'पिशवी साफ' करण्याचे खूळ

आणि तिची ती दोन क्युरेटिंग. 'पिशवी साफ केली की दिवस राहतात' ही समजूत आपल्या आईच्या पिढीपासून चालत आली आहे. भूल द्यायची, गर्भपिशवीचा आतला थर खरवडायचा. थर दर महिन्याला पाळीतून आपोआप बाहेर पडतच असतो, मग तो खरवडून मूल कसे राहणार? उलट खरवडण्याने आत जखमा होऊन भिंती एकमेकींना चिकटण्याचा धोका असतो. क्षयाच्या शंकेने आतल्या थराचा लहानसा नमुना तपासणीला पाठवणे ही गोष्ट वेगळी, तिला कारण असते. पण मूल होत नाही म्हणून नुसते क्युरेटिंग सुचवले तर 'का?' असे विचारायला घाबरू नये.

क्षयाचा विषय निघाला म्हणून सांगते. आपल्या देशात गर्भनलिका बंद होण्याचे हे एक मोठे कारण आहे आणि ते गुपचूप येते. खोकला नाही, ताप नाही, कधी नुसती पाळी कमी जायला लागते. लहानपणी घरात आजोबांना क्षय होता, एवढीच खूण असते. ही माहिती मोठ्या केंद्रातल्या नव्या डॉक्टरांना कुठून असणार? ती असते त्या फॅमिली डॉक्टरकडे, ज्याने आजोबांना औषध दिलेले असते. क्षयावरची औषधे सरकारी कार्यक्रमात मोफत मिळतात. जंतू बरे होतात; आधीच बंद झालेली नलिका मात्र बहुधा उघडत नाही. म्हणून वेळ महत्त्वाची.

नलिका मोकळ्या आहेत का हे पाहायला रंगद्रव्य घालून एक्स-रे काढतात, पाळी थांबल्यावर पण बीज बाहेर पडण्याआधी, साधारण सातव्या ते दहाव्या दिवसात. पोटात कळा येतात, हे डॉक्टरबाई आधीच सांगून ठेवतात. न सांगता पाठवलेल्या मुली तिथून रडत येतात आणि पुढच्या तपासणीला जायचे नाव काढत नाहीत.

पुढे केव्हा पाठवायचे

जनरल प्रॅक्टिशनरने सगळे आपणच करायचे, असा याचा अर्थ नाही. नलिका बंद निघाल्या, नवऱ्याचा आकडा फार कमी आला, गोळ्यांनी बीज पिकले नाही, किंवा वय 35 च्या पुढे असून सहा महिन्यांत यश नाही, तर बाई एका पानाचे पत्र लिहून तज्ज्ञाकडे पाठवतात. त्या पानावर सगळे असते: काय झाले, काय झाले नाही, कोणती तपासणी पुन्हा करायची गरज नाही. या एका पानामुळे जोडप्याचे पैसे तर वाचतातच, बाईला पुन्हा पहिल्यापासून सगळे सांगत बसावे लागत नाही.

पुढे गेल्यावर दोन गोष्टी बघाव्यात. 2021 च्या कायद्याप्रमाणे अशा उपचारांची केंद्रे नोंदणी केलेलीच असली पाहिजेत. अगदी नवऱ्याचे वीर्य गर्भाशयात सोडण्याचा साधा उपचार करणारेसुद्धा. नोंदणीचे प्रमाणपत्र बघायला मागणे हा आपला हक्क आहे. स्त्रीसाठी 21 ते 50 आणि पुरुषासाठी 21 ते 55 ही वयाची मर्यादाही याच कायद्यात आहे. दुसरे म्हणजे एएमएच नावाची रक्ताची चाचणी. बीजांचा साठा किती उरला याचा ती अंदाज देते आणि टेस्ट ट्यूबच्या उपचारात औषधाचा डोस ठरवायला उपयोगी पडते. पण वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या तिशीपुढच्या स्त्रियांचा अमेरिकेत अभ्यास झाला, त्यात एएमएच कमी असलेल्यांना आपोआप दिवस राहण्याची शक्यता कमी दिसली नाही. तेव्हा या एका आकड्यावरून घाबरवून कुणी लगेच पॅकेज गळ्यात मारत असेल तर घरी यावे आणि आपल्या डॉक्टरला विचारावे.

भिंतींवर रंगवलेल्या 'शर्तिया संतानप्राप्ती'बद्दल काय बोलायचे! स्त्रीचे वंध्यत्व बरे करतो अशी जाहिरात करायला 1954 च्या कायद्यानेच मनाई आहे. भिंती मात्र रंगतच असतात. नवस बोलायला, एखादा उपास धरायला डॉक्टरबाईंची हरकत नाही, पण आणलेली पुडी त्या आधी टेबलावर मांडायला लावतात.

पिशवीवालीचे पुढे काय झाले ते सांगते. बाईंनी तिच्या नवऱ्याला फोन केला. दोन शनिवार त्याने चुकवले, तिसऱ्याला आला. छत्तीस वर्षांचा, खासगी कंपनीत सुपरवायझर. बोलता बोलता निघाले की तो तीन वर्षांचा असताना त्याचे दोन्ही बाजूंच्या हर्नियाचे ऑपरेशन झाले होते. त्याला स्वतःला ते आठवत नव्हते, पोटावरचे दोन जुने व्रण दाखवले तेव्हा आई असे काहीतरी म्हणायची एवढेच त्याने सांगितले. रिपोर्ट शून्य आला. दोन आठवड्यांनी पुन्हा केला, पुन्हा शून्य. अशा ऑपरेशनमध्ये शुक्रजंतू वाहून नेणाऱ्या नळीला इजा झालेली असू शकते. जंतू तयार होत असतात, बाहेर येण्याची वाट बंद असते. तसे असेल तर अंडकोशातून जंतू काढून, प्रयोगशाळेत एकेका बीजात एकेक सोडून गर्भ तयार करता येतो. 1992 पासून जगात या पद्धतीने मुले जन्मली आहेत. हे सगळे आता मूत्ररोगतज्ज्ञ तपासून ठरवतील. तिचे वय 31. सहा वर्षांपूर्वी ती 25 ची होती, हा हिशोब कुणी मोठ्याने केला नाही.

मी होते त्या शेवटच्या संध्याकाळी ती दोघे पत्र घ्यायला आली. तो बराच वेळ टेबलाच्या काचेकडे बघत होता. उठताना म्हणाला, "डॉक्टर, आईला काय सांगू? ती सहा वर्षं हिलाच बोलतेय."

"खरं सांगा," बाई म्हणाल्या. "तुम्हाला जमत नसेल तर येत्या रविवारी त्यांना इकडे घेऊन या. साडेदहाला, दवाखाना रिकामा असतो. तेव्हा मी बोलते, पण तुम्ही शेजारी बसायचं."

तिने टेबलावरचे कागद गोळा करायला घेतले. त्याने पिशवी उघडून धरली.